स्टॅक ओव्हरफ्लो खरंच तुसडं झालं का?

या मालिकेतली माझी भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे की माझा विषय संदेशवहनाचा इतिहास. तारयंत्र, वायरलेस, टेलिप्रिंटर वगैरे. सिग्नल्समध्ये तीसेक वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण आज ज्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे तो अगदी अलीकडचा आहे, आणि तो डोक्यात भरवला माझ्या भाचीनं. ती बेंगळुरूला प्रोग्रॅमर आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर तिनं विचारलं, "मामा, तू इतिहास सांगतोस ना, मग हे सांग. आमच्यातले सगळे म्हणतात की स्टॅक ओव्हरफ्लो पूर्वी चांगलं होतं, नंतर तिथली माणसं तुसडी झाली. हे खरं आहे की नुसतं आमच्या काळी असं नव्हतं?"

मी तिला उलटं विचारलं, "तू तिथे किती प्रश्न विचारलेस?"

"एकही नाही. दहा वर्षं रोज वाचतेय. विचारायची हिंमत नाही झाली."

दहा वर्षं रोज ज्या विहिरीचं पाणी प्यायचं, त्या विहिरीवर स्वतः एकदाही पोहरा टाकायचा नाही. हे मला चमत्कारिक वाटलं आणि मी शोध घ्यायला लागलो.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टॅक ओव्हरफ्लो म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा प्रश्नोत्तरांचा चव्हाटा. कुणी अडला की तिथे प्रश्न टाकतो, जगात कुठेतरी बसलेला दुसरा कुणी उत्तर देतो, फुकट. बाकीचे त्या प्रश्नाला आणि उत्तराला मतं देतात. नाव एका चुकीवरून पडलं आहे. संगणकाच्या स्मृतीतला एक ठरावीक कप्पा काठोकाठ भरून सांडला की प्रोग्रॅम कोसळतो, त्याला स्टॅक ओव्हरफ्लो म्हणतात.

आता मूळ प्रश्न. पूर्वी लोक चांगले होते, आता बिघडले, ही तक्रार स्टॅक ओव्हरफ्लोपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना, युजनेटची कल्पना सुचली. संगणक एकमेकांना फोनच्या तारेवरून निरोप देत आणि त्यातून विषयवार चर्चा चालत. हे जग लहान होतं, मुख्यतः विद्यापीठांचं. दर सप्टेंबरमध्ये नवे विद्यार्थी यायचे, त्यांना रीतभात माहीत नसायची, गोंधळ घालायचे. जुने लोक रागवायचे, समजवायचे, आणि दिवाळीपर्यंत म्हणा ना, सगळं शांत व्हायचं. पण १९९३ पासून व्यापारी कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांना युजनेटची दारं उघडून दिली आणि नव्यांचा लोंढा थांबेचना. जुन्यांनी त्याला नाव दिलं, कधीही न संपणारा सप्टेंबर.

हे वाचलं तेव्हा मला पलटणच आठवली. एखाद्या युनिटमध्ये वर्षाला दोन-तीन नवे सबाल्टर्न येतात. मेसमध्ये काटा कुठल्या हातात धरायचा इथपासून ते जवानाशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं ते पाहून पाहून शिकतात. त्यांच्या जागी एकदम तीनशे आले असते, तर शिकवायला माणसं कुठून आणायची?

शिकवायला माणसं कमी पडली की माणूस पाटी लावतो. युजनेटवर नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून ठेवायची प्रथा पडली, आज प्रत्येक बँकेच्या साइटवर दिसणारे 'एफएक्यू' तिथूनच लोकप्रिय झाले. आणि पाटी न वाचता आलेल्या माणसाला चार अक्षरांत उत्तर मिळायचं, आरटीएफएम. त्याचा अर्थ, आधी माहितीपुस्तिका वाच. मधलं 'एफ' कशासाठी आहे ते मी सांगणार नाही, सैन्यात होतो म्हणून कळलं. २००१ मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न शहाणपणानं कसा विचारावा यावर एक लांबलचक निबंध लिहिला, तो प्रोग्रॅमर मंडळींत अजूनही वाचला जातो. त्यातला सल्ला रास्त आहे, पण सूर असा की प्रश्न विचारणाऱ्यानं आधी आपली लायकी सिद्ध करावी.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू झालं. काढणारे दोघे, जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की. (स्पोल्स्की तरुणपणी इस्रायलच्या सैन्यात पॅराट्रूपर होते. मला हे कळल्यावर उगीचच आपुलकी वाटली.) त्या काळी काही ठिकाणी उत्तरं पैसे भरल्याशिवाय दिसत नसत, आणि इतर ठिकाणी खरं उत्तर पंचवीस पानांच्या गप्पांत हरवलेलं असे. यांनी दोन्ही मोडून काढलं. उत्तर सर्वांना मोफत, आणि चांगलं उत्तर मतांनी वर. ज्याच्या उत्तराला एक मत मिळालं त्याला दहा गुण. विचारणाऱ्यानं उत्तर स्वीकारलं तर आणखी पंधरा. वाईट उत्तराला विरोधी मत पडलं की दोन गुण वजा, आणि असं मत देणाऱ्याचाही एक गुण जातो, म्हणजे राग फुकट काढता येत नाही. गुण वाढत गेले की अधिकार वाढत जातात. पन्नास गुणांना दुसऱ्याच्या लेखनाखाली शेरा मारता येतो. तीन हजारांना एखादा प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. फीत लागते, मग अधिकार मिळतो. आम्हाला ही रचना समजावून सांगायला नको.

आता गाभ्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ. स्टॅक ओव्हरफ्लो काढणाऱ्यांना मदतकेंद्र काढायचं नव्हतं. त्यांना ग्रंथालय उभारायचं होतं. प्रश्न विचारणारा एकटा असतो, पण तोच प्रश्न पुढे पडणारे हजारो असतात आणि ते शोधत शोधत तिथे पोचतात. उत्तर त्या हजारांसाठी लिहायचं. याचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे विम. विम हा मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्यात शिरणं सोपं, बाहेर पडणं नवख्याला काही केल्या जमत नाही. २०१२ मध्ये कुणीतरी तिथे विचारलं की यातून बाहेर कसं पडायचं? हसण्यासारखाच प्रश्न. २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की तो प्रश्न दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला आहे. दहा लाख वेळा कुणीतरी त्याच खोलीत कोंडलं गेलं होतं आणि एकानं लाज सोडून विचारलं म्हणून बाकीचे सुटले.

ग्रंथालयाच्या हिशेबानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे कचरा. आधी विचारलेला प्रश्न असेल तर बंद. मतमतांतराचा असेल तर बंद. सुरुवातीला त्यासाठी पाच जणांची मतं लागायची, पुढे तीन पुरू लागली. एखाद्या विषयात सुवर्णपदक मिळवलेला जाणकार तर 'हा आधीचाच प्रश्न' म्हणून एकट्याच्या मतानं बंद करू शकतो. तिथले लोक त्याला थोर देवाचा हातोडा म्हणतात, म्हणजे आपल्या इंद्राच्या वज्रासारखं काहीतरी. आणि नमस्कार, कृपया, आगाऊ धन्यवाद हे शब्दही मजकुरातून काढून टाकायची तिथली रीत आहे. पुढच्या वाचकाला त्यांचा उपयोग नाही, म्हणून.

जरा आपल्याकडच्या मुलाच्या जागी बसून पाहा. एखाद्या आडगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि इंग्रजी तिसरी. त्याला लहानपणापासून शिकवलं आहे की मोठ्यांकडे काही मागायचं तर आधी 'सर' म्हणायचं, मग 'प्लीज', शेवटी 'थँक यू'. तो तसं लिहितो. पाच मिनिटांनी परत येऊन पाहतो तर त्याचा नमस्कार कुणीतरी खोडलेला, प्रश्नाला उणे दोन, आणि वर पाटी, बंद. खोडणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो ग्रंथपाल होता. पण मुलगा ग्रंथालयात आलाच नव्हता. तो डॉक्टरकडे आला होता.

आणि अशी मुलं थोडी नव्हती. कंपनी दरवर्षी प्रोग्रॅमर लोकांची पाहणी करते. २०१८ च्या पाहणीत भाग घेणाऱ्यांत अमेरिकेच्या खालोखाल भारतच होता. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या. हिंदी, तमिळ, मराठी निघाली नाही. आम्ही इंग्रजीवाले, अशी आपणच समजूत करून दिलेली. त्याचा भुर्दंड असा की परक्या भाषेत अडखळत विचारलेला प्रश्न आळशीपणाचा वाटतो, आणि परक्या भाषेत वाचलेलं तुटक उत्तर अपमानाचं.

मग पहिल्या वर्षांत हे का जाणवलं नाही? त्याचं कारण माणसांच्या स्वभावात नाही, मोकळ्या जमिनीत आहे. २००८-०९ मध्ये ग्रंथालय रिकामं होतं. साध्यातला साधा प्रश्न आला तरी तो नवाच होता, त्याचं स्वागत व्हायचं, आणि त्याचं उत्तर देणाऱ्याला पुढे दहा वर्षं बसल्या जागी गुण मिळत राहायचे. आधी आलेल्यानं नदीकाठची जमीन घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावला, तसं. पाच-सहा वर्षांत सोपे प्रश्न संपले. नंतर येणाऱ्याच्या वाट्याला डोंगरउताराची मुरमाड जमीन उरली. प्रश्न विचारला तर आधीच विचारलेला. उत्तर द्यावं तर आधीच दिलेलं. जुना माणूस मात्र तोच प्रश्न तीनशेव्या वेळी वाचत होता. २००९ मध्ये ज्यानं हसून उत्तर दिलं, त्याच माणसानं २०१४ मध्ये हातोडा मारला असेल. तो दुष्ट झाला नव्हता. थकला होता.

गंमत म्हणजे कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. २०१२ च्या उन्हाळ्यातच स्पोल्स्की यांनी प्रेमाचा उन्हाळा नावाची मोहीम काढली, जरा गोड बोला म्हणून. त्यानं फारसं बदललं नाही, कारण रचना तीच होती. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीचे एक मोठे अधिकारी जे हॅनलन यांनी जाहीरपणे लिहिलं की आपल्याकडे नव्या माणसाचं स्वागत होत नाही, विशेषतः नवखे, स्त्रिया आणि गौरेतर लोक इथे परके ठरतात, आणि हे बदललं पाहिजे. कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्यांना काही हजार शेरे वाचायला बसवलं. निघालं असं की शंभरातले साधारण सात शेरे खटकणारे, आणि सरळ शिवीगाळ म्हणावी असे हजारात जेमतेम तीन.

यावर दोन्ही बाजू खूश झाल्या. जुने म्हणाले, बघा, शंभरात त्र्याण्णव ठीक आहेत. नवे म्हणाले, बघा, शंभरात सात! मला विचाराल तर आकडा बरोबर असला तरी मोजलं ते चुकीचं. दुखतो तो शेरा नाही. दुखतं ते न बोलता मारलेलं विरोधी मत आणि बंदची पाटी, आणि ती तर नियमानुसारच असते. तिला उद्धट म्हणता येत नाही. मी नोकरीत असे अधिकारी पाहिले आहेत की ज्यांनी आयुष्यात कुणाला अपशब्द वापरला नाही आणि ज्यांच्या खोलीत कुणी पाऊल टाकत नसे.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या फटकळ भाषेबद्दल सहकाऱ्यांची माफी मागून काही काळ सुटी घेतली. तिथे निदान दोष एका माणसाच्या जिभेवर ठेवता येत होता. इथे तीही सोय नव्हती.

ऑगस्ट २०१८ मध्ये नवी आचारसंहिता आली. नव्या सभासदाच्या नावाशी खूण दिसू लागली, हा नवा आहे, सांभाळून घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये चांगल्या प्रश्नाच्या मतालाही उत्तराइतकेच दहा गुण केले, त्याआधी कित्येक वर्षं पाच होते. पण तोवर कंपनी आणि तिथले बिनपगारी पहारेकरी, म्हणजे मॉडरेटर, यांच्यातच बिनसलं. २०१९ च्या शेवटी कित्येकांनी राजीनामे दिले. त्या भांडणाच्या खोलात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की बिनपगारी माणसं मानावर काम करतात, आणि मान हुकूम काढून देता येत नाही. २०२१ मध्ये प्रोसस नावाच्या कंपनीनं सगळा कारभार १.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. उत्तरं लिहिणाऱ्यांना त्यातला एक डॉलर मिळायचा नव्हताच, आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता.

मग नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी आलं. पाचच दिवसांत स्टॅक ओव्हरफ्लोला यंत्रानं लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली, कारण ती दिसायला झकास आणि बऱ्याचदा चुकीची होती. ही बंदी कितपत राबवायची यावरून जून २०२३ मध्ये मॉडरेटर संपावर गेले. मे २०२४ मध्ये कंपनीनं चॅटजीपीटीच्या मालक कंपनीशी करार केला, तेव्हा चिडलेल्या काही लोकांनी स्वतःची जुनी उत्तरं पुसायचा प्रयत्न केला. दरम्यान नवे प्रश्न आटत चालले. ही घसरण यंत्रानं सुरू केली नाही. वाढ २०१४ च्या आसपासच थांबली होती, यंत्रानं फक्त कडेलोट केला. २०२५ पर्यंत महिन्याचे नवे प्रश्न सुरुवातीच्या दिवसांइतके खाली आले.

माझी भाची आता यंत्राला विचारते. यंत्र तिचा नमस्कार खोडत नाही, हा प्रश्न आधी विचारलाय असं म्हणत नाही, तीनशेव्या वेळीही थकत नाही. पण त्याला हे सगळं शिकवलं कुणी? त्याच तुसड्या म्हाताऱ्यांनी लिहून ठेवलेल्या लाखो उत्तरांनीही. आणि तिचा प्रश्न आता तिच्या खोलीतच राहतो. उद्या दुसरं कुणी त्याच जागी अडकलं तर त्याला तिची वाट सापडणार नाही.

तर भाचीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, लोक तुसडे झाले नाहीत, पण ती जागा झाली. सुरुवातीपासून तिथे विचारणाऱ्यापेक्षा पुढच्या वाचकाला महत्त्व होतं. जमीन मोकळी होती तोवर दोघांचं भलं एकाच उत्तरात होत होतं. नंतर झालं नाही, आणि तेव्हा पहारेकऱ्यांनी वाचकाची बाजू घेतली. ती घेण्यात त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. तूच दहा वर्षं त्या वाचकांतली एक होतीस.

ती म्हणाली, "म्हणजे तू त्यांच्या बाजूचा."

कदाचित असेन. त्याला कारण आहे, आणि ते तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. १९८६ च्या सुमाराची गोष्ट. मी तरुण कॅप्टन, वायरलेसचा वर्ग घेत होतो. तमिळनाडूकडचा एक लान्सनायक होता, हिंदी फौजेत येऊन शिकलेला. त्यानं हात वर केला आणि शब्द जुळवत जुळवत विचारलं की दिवसा लागणारी फ्रिक्वेन्सी रात्री का लागत नाही? हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. लांब पल्ल्याच्या वायरलेसच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात, रात्री तो थर विरळ होतो, म्हणून फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते. मी म्हणालो, "पहिल्या दिवशी झोपला होतास का?" वर्ग हसला. तो बसला. माझ्या दृष्टीनं मी वर्गाचा वेळ वाचवला होता.

दोन महिन्यांनी एक्सरसाइजवर त्याच वर्गातल्या मुलांची एक डिटॅचमेंट रात्रभर गप्प राहिली. सेट चांगला, बॅटऱ्या भरलेल्या, एरियल सरळ. अंधार पडल्यावरही ते दिवसाच्याच फ्रिक्वेन्सीवर बसून हाका मारत होते. लान्सनायक त्यांच्यात नव्हता, हे विशेष. म्हणजे त्या दिवशी हसणाऱ्यांनाही ते कळलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, इतकंच. एक्सरसाइज होती म्हणून निभावलं.

परत आल्यावर मी त्या लान्सनायकाला बोलावून घेतलं. सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, आणखी काही विचारायचं राहिलं असेल तर आता विचार, मी बसलोय. तो सावधानमध्ये उभा होता. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा समोरच्या भिंतीवर नेली.

"कुछ नहीं, साहब," तो म्हणाला.